लोकरीला विटाळ नाही

चिंचवड, ११ डिसेंबर १९५६

ती. सासूबाईंस सुभद्रेचा नमस्कार.

लिहायला विषय मिळाला म्हणून लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. दसऱ्याआधी तुम्ही भावजींबरोबर बार्शीला गेलात, त्यानंतर माझी पत्रं तुम्हाला मिळाली असतील. त्यांत 'इकडील सर्व क्षेम' यापलीकडे काही नव्हतं. पत्र तुमची धाकटी सून कुसुम वाचून दाखवणार आणि शेजारी भावजी बसलेले असणार, म्हणून मी जपून लिहिते, की लिहिण्याजोगं माझ्याजवळच काही नसतं, याचा निर्णय मला करता आलेला नाही. कुसुम, हे वाक्य मोठ्याने वाचलंस तरी हरकत नाही.

विषय असा, की घरात मांजराचं पिल्लू आलं आहे.

गेल्या आठवड्यात उंदरांनी ह्यांच्या पुस्तकांची खालची रांग कुरतडली. कारखान्यांसाठी शेतं गेली तशी शेतांतले उंदीर घरांत आले, असं इथे सगळेच म्हणतात. मी हे सहज गोजाबाईला बोलून गेले. ती अजून रहाटणीहून नदी ओलांडून दूध घालायला येते. काल ती आली ती डोक्यावर पाटी, पाटीवर फडकं. पाटी उतरवून म्हणाली, "बाई, उंदरांनी पुस्तकं खाल्ली म्हनून रडत व्हता न्हवं? हे घ्या."

मी रडत नव्हते, नुसतं सांगितलं होतं. पण फडक्याखाली मुठीएवढं पिल्लू होतं. राखी रंगाचं, पोटाखाली पांढरं. डोळे उघडले आहेत, पण त्यांवर अजून दुधावरच्या सायीसारखं काहीतरी आहे. मी विचारलं, ह्याची आई कुठे आहे.

"आई समदी पिल्लं घिऊन गेली, ह्येला तेवढं गंजीत ठिवलं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवती न्हवं? ह्येचं एकच घर झालं आन् ती इसरली."

"मग आता?"

"आता तुमचं दुसरं."

मला नाही म्हणता आलं नाही. म्हणायचं होतं का, हेही नीट सांगता येत नाही.

बशीतून पिणं त्याला जमत नाही. म्हणून तुम्ही जाण्यापूर्वी वळून ठेवलेल्या वातींचा डबा काढला आणि एक वात दुधात बुडवून त्याच्या तोंडाशी धरली. ते चोखू लागलं. देवासाठी वळलेली वात अशी वापरावी की नाही, हे आधी विचारायला हवं होतं. ते आता विचारते. शिवाय दूध किती द्यावं, किती वेळाने द्यावं, रात्री कुठे ठेवावं, यातलं मला काही येत नाही. माझ्या माहेरी मांजर नव्हतं. तुमच्या माहेरी गोठ्यात नेहमी असत, असं तुम्हीच एकदा लसूण सोलताना सांगितलं होतंत.

हे गोजाबाईला विचारता आलं असतं, हे मला कळतं. तरी तुम्हाला विचारते आहे.

देवांची पूजा रोज होते. शाळेत जाण्यापूर्वी, आंघोळ करून, धुतलेल्या पातळात करते. तुमची सोवळ्याची लोकरी धाबळी वलणीवर तुम्ही ठेवलीत तशीच आहे. मी हात लावलेला नाही. तुम्ही ती बरोबर नेली नाहीत, हे टांगा दाराशी आल्यावर माझ्या ध्यानात आलं. तेव्हा मी बोलले नाही. हवी असल्यास पाठवीन.

आपली सुभद्रा


चिंचवड, २३ डिसेंबर १९५६

ती. सासूबाईंस नमस्कार.

कार्ड पोचलं. एवढ्याशा कार्डावर कुसुमने इतकं बारीक लिहिलं आहे, की मला खिडकीशी जाऊन वाचावं लागलं. 'पोटाखाली कोमट ओल्या फडक्याने पुसावे म्हणजे त्यास होते' इथे तिने 'काय होते' ते लिहिलेलं नाही, पण मला समजलं. समजायला उशीर झाला होता. पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं आणि मी समजत होते की त्याला दूध मानवतं आहे. आई जिभेने चाटते तेव्हाच पिल्लांना ते होतं, एकट्याने होत नाही, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं, आणि माझ्या पदरावर जे व्हायचं ते झालं.

दुधात निम्मं पाणी घालावं, म्हशीचं तर मुळीच नुसतं देऊ नये, हेही तुम्ही कळवलंत. त्यावरून गोजाबाईशी थोडं वाजलं. "माझ्या म्हशीच्या दुधात पानी? आमी तुमाला पानी घालून देत न्हाई, आन् तुमी मांजराला देता?" मी सांगितलं की सासूबाईंनी कळवलं आहे. तेव्हा ती म्हणाली, "त्या हितं असत्या तर म्या बोलले असते त्यास्नी." तुमच्याशी भांडायला ती फार उत्सुक आहे. जाताना मला विचारून गेली, "कवा येत्यात?"

हा प्रश्न सध्या सगळेच विचारतात. मोरया गोसावींच्या यात्रेची गर्दी आहे. देवळात सावित्रीबाई भेटल्या, त्यांनीही विचारलं. मी म्हटलं, "त्यांची इच्छा असेल तेव्हा येतील." घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्याबरोबर चालत होतं. हेच वाक्य मी भावजींना म्हटलं होतं. ह्यांचं वर्षश्राद्ध आटोपल्यावर त्यांनी माजघरात मला विचारलं, "आईला घेऊन जावं म्हणतो, वहिनी. तुमचं काय म्हणणं?" आणि मी म्हटलं, "त्यांची इच्छा असेल तसं." मला ते त्या वेळी योग्य वाटलं. आपल्याला हवं म्हणून कुणाला अडकवून ठेवू नये, असं माझं मत आहे. मत अजून तेच आहे. वाक्य बरोबर होतं की नाही, एवढंच कळेनासं झालं आहे.

हे इथे कशासाठी लिहिलं, ठाऊक नाही. पत्र फाडून पुन्हा लिहिणार होते, पण टपाल निघायची वेळ झाली आहे.

पिल्लू रात्री शिवणाच्या टोपलीत झोपतं. थंडी बरीच आहे. पवनेवरून वारा येतो. तुम्ही लिहिलंत की उबेसाठी काहीतरी लोकरीचं द्यावं, सुती उपयोगाचं नाही. घरात लोकरीचं म्हणजे ह्यांचा मफलर होता. तो दिला.

नाव अजून ठेवलेलं नाही. ठेवलं की ते राहणार असं होतं, आणि जगेल की नाही ते ठरलेलं नाही.

आपली सुभद्रा


चिंचवड, १३ जानेवारी १९५७

ती. सासूबाईंस नमस्कार. उद्याच्या संक्रांतीचा तिळगूळ वेगळ्या पाकिटात पाठवला आहे. पाक जरा पुढे गेला, लाडू कडक झाले आहेत. तुमच्यासाठी कुसुमने कुटून द्यावेत.

पिल्लू जगलं. हे एवढं एक वाक्य लिहायला मला फार बरं वाटतं आहे. बशीत तोंड घालून पितं. पितं म्हणजे अर्धं नाकात जातं, मग शिंकतं आणि बशीवर रागावतं. दात आले आहेत. माझ्या पातळाच्या निऱ्यांशी त्याचं काही वैर आहे. मी वह्या तपासायला बसले की ते वहीवर येऊन बसतं आणि लाल शाईच्या टाकावर लक्ष ठेवतं. सातवीतल्या एका मुलीच्या निबंधावर त्याचं पाऊल उमटलं. मी खाली 'मांजर' असं लिहून सही केली, नाही तर तिला वाटायचं की बाईंनी गुण कापले.

त्याने भिंतीवर, खुंट्यांवर, दिसेल त्या लोंबणाऱ्या कापडावर चढायला सुरुवात केली आहे. शाळेतून येईपर्यंत घरात एकटंच असतं. झोपायला त्याने आता एक वेगळी, उबदार जागा शोधली आहे. कुठली, ते पुढे कधीतरी लिहीन.

एक विचारायचं होतं. लोकरीचं वस्त्र कढत पाण्यात सोडा घालून धुतलं तर आखडतं का, आणि आखडलेलं पुन्हा ताणून पहिल्यासारखं होतं का? शाळेत एका मुलीने विचारलं. कुसुमला माहीत असल्यास कळवावं. घाई नाही.

निवडणुकीच्या कामासाठी आम्हा शिक्षकांची नावं घेतली आहेत. मतदारांच्या याद्या तपासायच्या आहेत. कारखान्यांमुळे इतकी नवी माणसं आली आहेत, की एकेका खोलीत चार जिल्ह्यांची नावं निघतात.

बाकी क्षेम.

आपली सुभद्रा


चिंचवड, २ फेब्रुवारी १९५७

ती. सासूबाईंस नमस्कार.

भावजींचं पत्र आलं. तुम्हाला त्यातला मजकूर ठाऊक असेलच, तरी माझ्याकडून कळवते. शिवरात्र झाली की ते इकडे येणार आहेत, आणि देव बार्शीला नेणार आहेत. घराण्यातले देव थोरल्या मुलाकडे असतात. ह्यांच्यामागे आता तेच थोरले. शिवाय ज्यांनी ते सांभाळले त्या तुम्ही तिथे आहात. त्यात चुकीचं काही नाही. मी पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि प्रत्येक वेळी ते बरोबरच वाटलं.

देव गेले की घर कायमचं बार्शीला गेलं, असा त्याचा अर्थ होतो. तुमचं इथे येणं मग पाहुण्यासारखं होईल. भावजींनी असं लिहिलेलं नाही. मीच तसं वाचलं.

मी तयारी करून ठेवीन. टाक, बाळकृष्ण, शाळिग्राम, घंटा. अन्नपूर्णेबद्दल विचारायचं आहे. ती माझ्या माहेरची. लग्नात मी मांडीवर घेऊन आले होते आणि तुम्ही ती तुमच्या अन्नपूर्णेशेजारी ठेवलीत. तेव्हापासून दोघी एकाच पाटावर आहेत. आता माझी इथे ठेवायची, की दोघींना बरोबर पाठवायचं? शास्त्र काय ते कळवावं. मला वेगळं करायला नको वाटतं, पण माझ्या वाटण्याने काही ठरू नये.

पिल्लू देवघराच्या खालच्या फळीवर जाऊन बसतं. काढलं तर पुन्हा जातं. पूजा करताना ते ताम्हनातल्या पाण्याकडे बघत राहतं, पण वर पंजा टाकत नाही. घंटा वाजली की कान मागे करतं. देव गेले म्हणजे ती फळी त्याला पूर्ण मिळेल. मी असलं काहीतरी मनात आणते आणि मग माझं मलाच ते बरं वाटत नाही.

वाती संपत आल्या आहेत. महिनाअखेरपर्यंत पुरतील असं दिसतं. तेवढ्याच लागतील.

आपली सुभद्रा


चिंचवड, १० फेब्रुवारी १९५७

ती. सासूबाईंस नमस्कार.

कुसुम, हे पत्र सगळं वाच. भावजी बसले असले तरी वाच. गाळून वाचू नकोस.

काल पार्सल मिळालं. वरचा पत्ता कुसुमच्या हातचा, आत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेल्या वाती. फुलवाती वेगळ्या, लांब वाती वेगळ्या. चिठ्ठी नव्हती. मी त्या डब्यात भरल्या तर डबा पुरला नाही. दिवाळीपर्यंत जातील एवढ्या आहेत.

मी विचारात पडले. देव शिवरात्रीनंतर तिकडे यायचे, तर वाती इकडे कशाला? पिल्लू बशीत पितं हे तुम्हाला संक्रांतीलाच कळवलं आहे, म्हणजे त्याच्यासाठी नाहीत. कदाचित भावजींचं ठरण्यापूर्वी वळल्या असाल. कदाचित हाताला सवय आहे म्हणून वळल्या असाल आणि कुसुमने त्यांचं काय करायचं म्हणून पाठवल्या असतील. मी काल दिवसभर असे अर्थ लावत होते. रोजनिशीत लिहिले आणि खोडले. मग लक्षात आलं की वर्गात मुलींना मी जे रोज सांगते तेच करत नाही. शंका आली तर विचारावं. तर विचारते. वाती कशासाठी पाठवल्यात?

विचारण्यापूर्वी दोन गोष्टी सांगायला हव्यात. शाळेत कुठल्याही मुलीने लोकरीबद्दल विचारलेलं नव्हतं. संक्रांतीच्या आधी एके दिवशी मी घरी आले तर तुमची धाबळी वलणीवर नव्हती. तिचं एक टोक लोंबत असे. ते धरून पिल्लू वर चढलं असावं आणि तिच्यासकट खाली आलं असावं. खाली पडलेल्या धाबळीच्या मधोमध ते गाढ झोपलं होतं. तुम्ही रोज पहाटे काठीने काढून नेसायचात ती धाबळी. मी इतकी वर्षं तिला चुकूनही शिवले नव्हते.

मी सोवळं पाळत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही त्यावरून मला कधी बोलला नाहीत. तुम्ही तुमचं करत होतात, मी माझं. आणि तरी त्या संध्याकाळी मी इतकी घाबरले, की बंबातलं कढत पाणी घंगाळात काढलं, मूठभर सोडा टाकला आणि धाबळी त्यात बुडवली. नीट शुद्ध व्हावी म्हणून चांगली चोळली. तुम्ही परत नेसाल तेव्हा तिच्यात मांजराचा केसही असू नये, एवढंच मनात होतं. वाळल्यावर ती घोंगडीसारखी घट्ट झाली आणि आखडून पंचाएवढी राहिली. मी आणि गोजाबाईने दोन बाजूंनी धरून ओढून पाहिली. गोजाबाई म्हणाली, "बाई, आता ही मांजराचीच." आता ती देवघराच्या खालच्या फळीवर असते आणि पिल्लू तिच्यावर झोपतं.

जे मी मानत नाही ते मोडल्याचं मला इतकं भय का वाटावं, याचा मी बराच विचार केला. ते भय सोवळ्याचं नव्हतं. धाबळी वलणीवर आहे तोवर तुम्ही परत यायच्या आहात, असं मी मनाशी धरून चालले होते. तिची मी अशी अवस्था केली. म्हणून लपवलं.

दुसरी गोष्ट. भावजींनी विचारलं तेव्हा मी दिलेलं उत्तर अर्धं होतं. माझी इच्छा त्यात नव्हती. ती अशी आहे, की तुम्ही इथे राहावं. देवांसाठी नव्हे. पिल्लासाठीही नव्हे. ते आता नीट वाढतं आहे आणि मला त्याची काळजी घेता येते. इतके दिवस मी पत्रांत त्याला पुढे करत होते, त्याच्या आडून बोलत होते, हे मला कळत होतं. आता ते बाजूला ठेवून लिहिते आहे. मला तुमची सवय आहे. संध्याकाळी शाळेतून आल्यावर घरात कुणी काही निवडत, वळत, पुटपुटत बसलेलं असावं, असं वाटतं. ते कुणी म्हणजे तुम्ही.

तुमचं मन बार्शीला रमलं असेल तर तसं कळवावं. मी देव व्यवस्थित बांधून ठेवीन आणि मनात काही धरणार नाही. भावजी, तुमच्या हक्काला मी आड येत नाही. फक्त विचारलंत तेव्हा जे सांगायला हवं होतं ते आता सांगितलं.

आपली सुभद्रा


चिंचवड, १७ मार्च १९५७

चि. लक्ष्मण यास आशीर्वाद.

सांगणार मी, लिहिणार सुभद्रा. मी बोलते तसंच लिही म्हटलं आहे. ती तसंच लिहील. हिला पदरचं घालता येत नाही आणि पोटात ठेवताही येत नाही, हे तू बघितलंच आहेस.

तू परवा एकटा गाडीत बसलास तेव्हा खिडकीतून माझ्याकडे न बघता सिग्नलकडे बघत होतास. लहानपणी रुसायचास तसाच. कुर्डुवाडीला गाडी बदलताना डबा खाल्लास की नाही, ते कळव.

तू देव न्यायला निघालास. सोवळ्यात देव उचलायला आई हवी, म्हणून मला बरोबर आणलंस. हिच्या पत्रानंतर तू मला काही विचारलं नाहीस. मीही बोलले नाही. म्हटलं, जाऊन बघू. इथे येऊन देवघरापुढे उभे राहिलो, तर खालच्या फळीवर माझ्या धाबळीवर ते मांजर पसरलेलं. तू म्हणालास, "वहिनी, मांजर? सोवळ्यावर?" हिचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा मी जे म्हटलं ते पुन्हा सांगते, म्हणजे कुसुमलाही कळेल. मांजर सोवळ्यात चालतं. लोकर सोवळ्यात चालते. लोकरीला विटाळ नाही, ती वाऱ्यानं शुद्ध होते. ह्यात धुवायचं काय होतं? हिनं धुण्याआधी मला नाही तर कुसुमला एक ओळ विचारली असती तर धाबळी वाचली असती. बी.ए.ला हे शिकवत नाहीत. (हे वाक्य लिहिताना ही हसली. हसू दे.)

मग तू ताम्हन पुढे केलंस, आणि मी म्हटलं, घरात मांजरीचं पिल्लू वाढत असलं तर त्यानं पहिला उंदीर धरेपर्यंत देव हलवू नयेत, असं शास्त्र आहे. तू ऐकलंस. तू नेहमीच ऐकतोस, तेवढं तुझं चांगलं आहे. मी मागाहून येते म्हणून सांगितलं आणि तू गेलास.

आज सकाळी मांजरानं उंदीर धरला. धरला तो धरला, आणून देवघरापुढे ठेवला आणि वर ओरडून आम्हाला बोलावलं. सुभद्रा म्हणाली, "आता भावजींना कळवायला हवं." मी म्हटलं, काही गरज नाही. तर म्हणाली, "मग मला 'सर्व क्षेम' असं लिहिता येणार नाही." म्हणून हे पत्र.

असं शास्त्र नाही, लक्ष्मण. ते मी तिथल्या तिथे केलं. तुझ्या हातात ताम्हन बघितलं आणि तोंडातून गेलं. ही म्हणते खोटं होतं तर तसंच लिहावं लागेल. लिही म्हटलं.

खरं ते असं. दत्तूच्या वर्षश्राद्धानंतर तू माजघरात हिला विचारलंस, तुमचं काय म्हणणं. ही म्हणाली, त्यांची इच्छा असेल तसं. मी पलीकडे पाट्यावर चटणी वाटत होते. तुम्ही दोघं माझ्या इच्छेबद्दल माझ्या डोक्यावरून बोललात, आणि मला कोणीच विचारलं नाही. तुला वाटलं सुनेला मी नको आहे. मलाही तसंच वाटलं. हिला वाटलं मला मुलाकडे जायचं आहे. आणि टांगा आला.

धाबळी मी विसरले नव्हते.

ही लिहायची थांबली आहे. लिही म्हटलं तरी लिहीना. आता लिहिते आहे.

धाबळी मी मुद्दाम वलणीवर ठेवून गेले. म्हटलं, हिला दिसेल आणि ही विचारेल, सासूबाई, हे राहिलं. मग मी सांगीन. हिला दिसलं, पण हिनं विचारलं नाही. मी वाती पाठवल्या, तेव्हा कुठे विचारलं. तेही मांजराला आडवं घालून, मग बाजूला सारून, आणि चार पानं. असो. विचारलं.

तुझं काही चुकलं नाही. कुसुमनं माझं सगळं केलं, तिला मी कधीही नावं ठेवणार नाही. लोक म्हणतील मुलगा असताना सुनेकडे राहते. तू म्हण, आई दत्तूकडे राहते. ते खोटं नाही. देव इथेच राहतील. कुळधर्माला तुम्ही दोघं इथे या. श्रावणात मी तिकडे येईन आणि महिनाभर राहीन. दोन्ही अन्नपूर्णा एका पाटावर आहेत, त्यांना हलवायचं नाही. ह्यालाही शास्त्र नाही, मी म्हणते म्हणून.

माझी ट्रंक कुसुमला भरायला सांग आणि चिंचवड स्टेशनवर रेल्वेनं पाठव. कापसाचं पोतं राहिलं आहे, तेही. ती दूधवाली गोजाबाई रोज येऊन माझ्याशी दुधातल्या पाण्यावरून भांडते. काल दोघींनी मिळून दोन तास भांडण केलं आणि शेवटी तिनं ताकाचा लोटा ठेवून दिला.

ही विचारते, मांजराचं नाव पत्रात काय लिहू. इतके महिने पोरीनं त्याला नाव ठेवलं नव्हतं. जगेल का, राहील का, म्हणत बसली. मी आल्याच दिवशी ठेवलं. धाबळी. हाक मारली की येते.

खरी धाबळी आता मला नेसता येत नाही. संध्याकाळी ही वह्या घेऊन बसली की मी शेजारी बसते. एक टोक माझ्या गुडघ्यांवर घेते, एक हिच्या. मधे ती झोपते. पुरते.

तुझी आई